गुलांग्यूहून आल्यावर

शियामेन (चीन), रविवार रात्र

प्रिय मंदार,

फोटो पाठवले की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून या वेळी सरळ पत्रच लिहायला बसलोय. कामाच्या धबडग्यात काल एक शनिवार मोकळा मिळाला आणि समोरच्या गुलांग्यू बेटावर जाऊन आलो.

बेट दोन चौरस किलोमीटरचंही नाही. शहराच्या जुन्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडच्या घरांच्या खिडक्या दिसतात. पण दिवसा त्या धक्क्यावरून फक्त रहिवाशांना सोडतात. आपण पडलो पर्यटक. आपल्याला लांबच्या क्रूझ टर्मिनलवर जायचं, पासपोर्ट दाखवून तिकीट काढायचं आणि वीसेक मिनिटांचा वळसा घालून पोचायचं. दिवसाला ५०,००० माणसांची मर्यादा आहे म्हणे. काल ती सगळी माझ्याच बोटीत होती!

बेटावर मोटार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. माथेरानला निदान घोडे तरी आहेत. इथे किनाऱ्याच्या रस्त्याने पर्यटकांसाठी बॅटरीच्या गाड्या फिरतात, तेवढंच. बाकी हॉटेलचे फ्रीज, दुकानांची खोकी, बांधकामाची वाळू, सगळं दोन चाकांच्या हातगाडीवर. एका चढाच्या गल्लीत दोघं जण पाण्याच्या बाटल्यांनी लादलेली गाडी चढवत होते. पुढच्याने पट्टा खांद्यावरून छातीवर घेतलेला, मागचा डोकं खाली घालून ढकलतोय. चढ आला की सरळ न जाता नागमोडी. आणि त्यांच्या वाटेतच पांढरा झगा घातलेली नवरी फोटोसाठी मान तिरकी करून उभी! इथे लग्नाचे फोटो काढायला दुरून जोडपी येतात. पुढच्या गाडीवाल्याने एक आरोळी दिली तशी नवरी झगा गोळा करून भिंतीला चिकटली.

घरं मात्र देखणी आहेत, ते मान्य करायलाच हवं. लाल विटा, कमानी, वडाच्या पारंब्या कुंपणावरून रस्त्यात उतरलेल्या. फिलिपिन्स, इंडोनेशियात पैसा कमावून परतलेल्या चिनी व्यापाऱ्यांनी १९२०-३०च्या सुमाराला यातले बरेच बंगले बांधले. २०१७ साली युनेस्कोने बेटाला जागतिक वारसा यादीत घेतलं. मिशनऱ्यांमुळे इथे घरोघरी पियानो आला. ‘गल्लीगल्लीतून सूर ऐकू येतात’ असं वाचून गेलो होतो. मला ऐकू आले ते गाईड लोकांचे भोंगे. पियानो पाहिले ते संग्रहालयात. बेटावरच जन्मलेल्या आणि पुढे ऑस्ट्रेलियात गेलेल्या हू योउयी यांनी जमवलेले जुने पियानो आहेत. काहींना मेणबत्त्या लावायला पितळी हात आहेत.

ते संग्रहालय ज्या शूझुआंग बागेत आहे, ती मला सगळ्यात आवडली. १८९५ला तैवान जपानकडे गेलं तेव्हा तिथलं लिन घराणं इकडे आलं. त्यातल्या लिन अर्जिया यांनी १९१३ साली ही बाग बांधली. फाटकातून आत शिरलास की समोर भिंत. समुद्राचा वास येतो, आवाज येतो, पण समुद्र दिसत नाही. भिंतीला वळसा घातलास की एकदम पायाशी पाणी. माणूस वस्ताद होता!

आता जे सांगायला खरं म्हणजे पत्र लिहितोय ते. अफूच्या व्यापारावरून इंग्रज आणि चीन यांच्यात पेटलेल्या पहिल्या अफूयुद्धात, १८४१ साली, इंग्रजांनी हे बेट घेतलं. पुढच्या वर्षीच्या नानजिंगच्या तहाने शियामेन बंदर व्यापाराला उघडावं लागलं. पुढे वकिलाती, चर्च, क्लब आले, १९०३ला परदेश्यांची नगरपालिकाच सुरू झाली आणि तिच्या पोलिसांत आपले शीख शिपाई होते. आणि चीनमध्ये येणारी अफू? माळव्यातली तर आपल्या मुंबई बंदरातूनच सुटायची. सर जमशेटजी जीजीभाईंच्या कमाईत या व्यापाराचा मोठा वाटा होता. ज्या जे. जे.मध्ये तू डॉक्टर झालास ते त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. त्या सुंदर व्हरांड्यांखाली उभा राहून मला सारखा भायखळा आठवत होता. इथल्या पाट्यांवर इंग्रजांचं नाव आहे. मला दिसलेल्या एकाही पाटीवर मुंबईचं नव्हतं. आपण त्यातून अलगद सुटलो, असं मला तरी वाटतं. तुला पटत नसेल तर भांड.

सूर्यप्रकाश खडकावर रांग लावून चढलो. ९२.७ मीटर, पण पायऱ्या चिंचोळ्या. हवा स्वच्छ असेल तर तिथून तैवानच्या ताब्यातली बेटं दिसतात. १९५८पासून त्या दिशेला तोफा डागल्या जात, पुढे दिवसाआड, थेट १९७९ उजाडेपर्यंत. आता शियामेनहून त्यातल्याच जिनमेन बेटाला अर्ध्या तासात बोट जाते.

खाण्याचं विचारशीलच. कालवं, रताळ्याचं पीठ आणि अंडं घालून तव्यावर खरपूस करतात, तुझ्या मालवणच्या आईलाही आवडेल. शेंगदाण्याच्या वाटणातल्या साते-नूडल्स झकास. समुद्रकिड्यांची थंडगार जेली मात्र नुसती पाहिली आणि पुढे सरकलो.

येणार असशील तर एक रात्र बेटावरच राहा. दिवसाची गर्दी ओसरल्यावरच गल्ल्या मोकळ्या मिळतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळ, तेव्हा अख्ख्या चीनला सुट्टी असते. आणि व्हिसाचं काम वहिनींकडे दे, तू विसरशील.

तुझा,
सुहास