वेदीवरचं कापड बदलण्याआधी

पणजी,
16 नोव्हेंबर 2026

चि. रूथ हिस अनेक आशीर्वाद.

तुमच्या मंडळीत वेदीची व्यवस्था आता तुझ्याकडे आहे, तेव्हा आधी आपलं उपासनेचं वर्ष समजून घे. 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी ते सुरू होतं. यंदा 29 नोव्हेंबरला. पाठ कुठल्या शुभवर्तमानातून, हे शोधायला येणाऱ्या सालाला 3 ने भाग. बाकी शून्य तर लूक, 1 तर मत्तय, 2 तर मार्क. 2027 ला 2 उरतात, म्हणून मार्क. योहानाला स्वतःचं वर्ष नाही, तो अधूनमधून येतो. मार्क सर्वांत आटोपशीर असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये योहानाच्या सहाव्या अध्यायावर ओळीने पाच रविवार निघतात. भाकरीवर पाच प्रवचनं! पाळकाला आतापासूनच सांगून ठेव.

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार जांभळे किंवा निळे. गोव्यात तेव्हा घरोघरी तारे लागलेले असतात, दुकानांत नाताळची गाणी वाजत असतात. त्याबद्दल कुणाला बोल लावू नकोस, पण उपासनेत नाताळची गीतं 24 च्या रात्रीपर्यंत थांबव. वाट पाहणं हाही विश्वासच आहे, आणि तो शिकायला वर्षात एवढेच चार आठवडे राखलेले आहेत.

मेणबत्त्यांचं चक्र आपल्याच परंपरेतलं: 1839 मध्ये हँबर्गला योहान हिन्रिख विकर्न या लूथरन पाळकाने आश्रमातल्या मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर ते केलं. रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या छोट्या लाल. आपण चारच लावतो. पहिली चार आठवडे जळते, चौथी एकच, त्यामुळे उंची चढउतार दिसते. ती सारखी करायला जाऊ नकोस, किती आठवडे गेले ते त्यावरूनच कळतं. हिरवाईला सुरूची डहाळी नको. दुसऱ्या आठवड्यात वाळते आणि ठिणगीसरशी भडकते. आंब्याची पानं दर शनिवारी बदल. पेटवण्याआधी वरचा पंखा बंद कर, नाहीतर वात एका बाजूला झुकते आणि मेण ओघळून कापडावर पडतं. पडलंच तर गार होऊ दे, मग सुरीने खरवड, वर-खाली कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरव. छापील वर्तमानपत्र घेऊ नकोस, शाई उतरते.

नाताळ 25 ला संपत नाही, सुरू होतो. पांढरं कापड 6 जानेवारीपर्यंत, ज्या दिवशी गोव्यातल्या रेइश मागूश गावी तीन राजांचं फेस्त असतं.

आता कपाळावर लावायच्या राखेचं. 2027 चा भस्म बुधवार 10 फेब्रुवारीला, म्हणजे कार्निव्हलच्या शेवटच्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी. गेल्या झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरआधीच्या रविवारची) पानं जाळून राख करायची. इथे बहुतेकांचं बिघडतं ते पावसाळ्यात: ओलसर झावळ्या ट्रंकेत टाकल्या की सप्टेंबरपर्यंत बुरशी. सावलीत कडकडीत वाळवून, कागदात गुंडाळून उंचावर ठेवायच्या. लोखंडी कढईत जाळ, पूर्ण जळू दे. अर्धवट जळलेली पानं कोळशासारखी राहतात, कपाळावर ओरखडे काढतात. खलबत्त्यात कुटून मलमलीतून दोनदा चाळ. मूठभर पानांची राख चमचाभरसुद्धा भरत नाही, तेव्हा झावळ्या भरपूर घे. मळायला खोबरेल तेलाचे दोन थेंब. पाणी कधीच नाही: राखेत पाणी घातलं की क्षार सुटतो आणि कातडी भाजते.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचे, 40 दिवस मोजताना सहा रविवार सोडायचे, म्हणून बुधवार ते ईस्टर 46 भरतात. रविवार उपासाचे नाहीत, प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचाच. हालेलूया मात्र तेव्हाही गायचा नाही. ईस्टरआधीच्या गुरुवारी रात्री 22 वं स्तोत्र वाचता वाचता वेदी उघडी करायची: कापड, मेणबत्त्या, फुलं, सगळं. काय उचलायचं, कुणी उचलायचं हे आधी ठरव. त्या शांततेत कुजबुज खटकते. ईस्टर 28 मार्चला, पुढे 50 दिवस पांढरं, आणि 16 मे रोजी पेंटेकॉस्टला, पवित्र आत्म्याच्या सणाला, लाल. त्या दिवशी लूथरच्या 1529 च्या लघु प्रश्नोत्तरीतला, विश्वासांगीकाराच्या तिसऱ्या लेखाचा खुलासा वाच: आपल्या बुद्धीने वा बळाने आपण ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्माच बोलावतो. तुला कोरडं वाटेल अशा आठवड्यातही सण येतो तो त्यामुळेच. वर्षाचा क्रम आपल्या मनःस्थितीवर ठरलेला नाही, देवाने काय केलं त्यावर ठरलेला आहे.

पेंटेकॉस्टच्या पुढच्या रविवारनंतर, म्हणजे त्रैक्य रविवारनंतर, पुढच्या आगमनकाळापर्यंत 26 रविवार, बहुतेक हिरवे. लोक याला रिकामा काळ म्हणतात. मला तो वर्षातला सर्वांत भरलेला वाटतो. जूनमध्ये पाऊस लागतो, शेतं आणि वेदी एकाच रंगाची होतात. 5 ऑगस्टला गोव्यातल्या राय गावी नव्या भाताची कणसं आशीर्वादासाठी आणतात, आणि तुमच्याकडे त्याच सुमाराला जीवनाच्या भाकरीचा अध्याय चालू असेल. ओंजळभर कणसं वेदीवर ठेव. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही: 1530 च्या ऑग्सबुर्ग कबुलीचा, म्हणजे आपल्या लूथरन विश्वासाच्या जाहीरनाम्याचा, सातवा लेख म्हणतो, मानवी परंपरा सगळीकडे सारख्या असण्याची गरज नाही. म्हणूनच निळं की जांभळं यावर कुणाशी वाद नको.

हिरवं कापड या काळात घडी घालून ठेवू नकोस, पसरूनच ठेव, आणि दर शनिवारी गरम इस्त्री कर म्हणजे दमटपणा निघेल. पांढरं खळ न घालता धुऊन, सुती कापडात गुंडाळून ठेव. खळीला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. लाल अशा जागी ठेव की चटकन हाती लागेल, कारण 2027 मध्ये 31 ऑक्टोबर, धर्मसुधारणेचा दिवस, रविवारीच येतो.

तुझे पप्पा