निर्लेखनापूर्वी कनेक्टर ओळखा

संपादक महोदय,

मार्चअखेर जवळ आली की आमच्या भागातील आयटीआय आणि महाविद्यालयांत जडसंग्रह नोंदवहीतील जुन्या वस्तूंचे निर्लेखन (नोंदीतून कायमचे कमी करणे) सुरू होते, आणि सिग्नल जनरेटर, वायरलेस संच अशी चालू स्थितीतील उपकरणेही केवळ ‘केबल बसत नाही’ एवढ्या शेऱ्यावर भंगाराच्या लिलावात जातात. आयुष्यभर हाच विषय शिकवलेल्या माणसाला हे पाहवत नाही, कारण केबल का बसत नाही याचा उलगडा बहुतेक वेळा कनेक्टरला, म्हणजे केबल जोडण्याच्या तोंडाला, व्हर्नियर कॅलिपर (बारीक मापे घेण्याचे साधन) लावताच होतो.

बीएनसी (खुंट्यांवर फिरवून अडकवायचा छोटा कनेक्टर) सारख्या दोन खुंट्या असलेली, पण एन कनेक्टरएवढी (हा आट्यांचा, अधिक जाड प्रकार) जाड जोडणी दिसली, तर ती ‘सी’ प्रकारची समजावी. जनरल रेडिओ कंपनीच्या 874 मध्ये नर-मादी हा भेदच नसतो. दोन्ही टोकांच्या पाकळ्या एकमेकींत अडकतात, आणि ते ठाऊक नसल्यामुळे चांगला कनेक्टर तुटका ठरतो. केवळ आट्यांवर विसंबणेही बरोबर नाही. यूएचएफ (हाही आट्यांचाच एक प्रकार) आणि एन या दोन्ही सॉकेटांचे बाहेरचे आटे 5/8 इंच व्यासाचे, इंचाला 24 असेच असतात. फरक आत पाहावा लागतो. यूएचएफचे मधले भोक बनाना प्लग (प्रयोगशाळेतील साधा एकपिनी प्लग) जाईल एवढे मोठे असते, एनचे बरेच बारीक.

एनमध्येही 50 आणि 75 ओहम (विद्युत संरोधाचे माप) असे दोन प्रकार आहेत. 75 ओहमच्या सॉकेटमध्ये 50 ओहमची जाड पिन दाबून बसवली, तर आतली नाजूक पाकळी कायमची फाकते आणि मग योग्य प्लगही त्यात सैल बसतो. म्हणून जोर लावण्याआधी पिनचा व्यास मोजावा.

सर्वांत जास्त काळजी विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळांतील जुन्या गायगर काउंटरबाबत (किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणाबाबत) घ्यावी. त्यांच्यावर अनेकदा उच्च दाबासाठीचा एमएचव्ही कनेक्टर असतो. तो बीएनसीसारखाच दिसतो, जोर केल्यास बीएनसीत अडकतोही. मात्र त्यावर शेकडो, प्रसंगी हजारो व्होल्टचा दाब असू शकतो. विद्यार्थ्यांच्या हाती हे उपकरण देण्यापूर्वी त्यावर ठळक चिठ्ठी लावलीच पाहिजे.

निर्लेखन समित्यांना विनंती आहे की, अशा प्रत्येक उपकरणाच्या नोंदीत कनेक्टरचा प्रकार, बाहेरचा व्यास, आटे की खुंट्या आणि पिनची जाडी लिहावी, आणि अडॅप्टर मिळतो का याची चौकशी झाल्याशिवाय ते लिलावाच्या यादीत घालू नये.

— एक निवृत्त शिल्पनिदेशक, जि. वर्धा