घरकुलाच्या स्लॅबचा ताप मोजणार कोण?

मा. संपादक, स.न.वि.वि.

एप्रिल लागला की आमच्या गल्लीतली निम्मी माणसं दुपारी लिंबाखाली. मागे नवं कोरं स्लॅबचं घर, पण आत बसवत नाही. दिवसभर खाल्लेलं ऊन स्लॅब रात्री खोलीत ओकतो. पत्र्याच्या घरांची तर गोष्टच नको. तिथं वर पऱ्हाटी, कडबा टाकून लोक कसेबसे दिवस काढतात.

घराची मजबुती सगळे बघतात. भिंती, छत, खिडक्यांतून आत किती उष्णता येते, हे कोणी बघत नाही. केंद्राची ‘इको निवास संहिता’, म्हणजे घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली, २०१८ साली आली. आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर छताच्या दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये, असं ती सांगते. उघड्या स्लॅबमधून याच्या दुपटीहून जास्त जाते. पण २०१८ च्या त्या संहितेचा रोख होता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर. घरकुल असतं २५ चौरस मीटरचं! एसी परवडणाऱ्याच्या छताला नियम, एका पंख्यावर भागवणाऱ्याच्या छताला काहीच नाही.

जुनं माळवद, म्हणजे मातीच्या धाब्याचं घर, गार असायचं, पण त्याचे गोडवे मी गाणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर्षानुवर्षं थर चढवलेली धाब्याची माती माणसांवरच कोसळली. लोक सिमेंटकडे वळले ते भीतीनं, आणि ती भीती खरी होती. मात्र भूकंपाला टिकणारं घर उन्हातही राहण्याजोगं करता येतं. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातल्या राखेच्या विटा वापरल्या तर शेतातली माती वाचते. पश्चिमेच्या खिडकीवर नीट छज्जा हवा. मी गेल्या वर्षी गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्स बसवल्या. आता निदान पंख्याची हवा झोंबत नाही. २०१६ मध्ये लातूरनं रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, म्हणून स्लॅब गार करायला मारलेलं पाणीही हिशेबात धरायला हवं.

घरकुलाचे हप्ते सोडताना बांधकामाच्या टप्प्यांचे फोटो घेतात. त्यात छतावरच्या पांढऱ्या थराचा एक फोटो वाढवावा. त्याचे पैसे मात्र घरकुलाच्या १ लाख २० हजारांच्या मूळ अनुदानात कोंबू नयेत, वेगळे द्यावेत.

– एक निवृत्त शाखा अभियंता, औसा (जि. लातूर)