यंदा माझं रक्त घेतलं

साखळी, १४ जुलै

प्रिय सदा,

वर्ष झालं, तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. तब्येत बरी आहे, साखर थोडी वर, सुनंदा ठीक. लिहायला बसलो की लेकीचं, शलूचं लिहावं लागेल म्हणून उठत होतो. आज उठणार नाही.

गेल्या पावसाळ्यात शलूला दिवस गेले होते. अकराव्या आठवड्यात वारेचा तुकडा काढून तपासला. मूल थॅलेसेमिया मेजर निघालं, म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या रक्तावर जगायचं. आपल्या उमोसारखं, माझ्या भावासारखं. तिने ते ठेवलं नाही. त्या रात्री ती आमच्याकडेच होती, मधल्या खोलीत, उमो झोपायचा त्याच खिडकीखाली. मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. मला तोंडच नव्हतं.

मी थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे दोष रक्तात आहे पण आजार नाही, हे मला १९९३ पासून ठाऊक आहे. शलूच्या वेळी आम्हा दोघांचं रक्त तपासलं होतं. सुनंदाचं चांगलं निघालं, माझ्यात हिमोग्लोबिन ए-टू वाढलेलं, तीच मायनरची खूण. डॉक्टर म्हणाले, आईबापांत एकच मायनर असेल तर मुलाला मेजर होत नाही, फार तर तुमच्यासारखं मायनर होईल. मात्र त्याच्या लग्नाच्या वेळी समोरच्याचं रक्त बघा. हे वाक्य मी पंचवीस वर्षं जपलं, आणि शलूला रोहनचं स्थळ आलं तेव्हा गिळलं. पत्रिका बघितली, एकनाड नाही म्हणून खूश झालो. देवळात प्रसाद लावून कौल घेतला, उजवी पाकळी पडली. सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन वेळा सह्यांना गेलो. २०१९ मध्ये लग्ननोंदणीआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करायची असं सरकार बोलत होतं, तेव्हा बाजारात उभा राहून मी तावातावाने म्हणालो होतो की सरकारने लोकांच्या रक्तात हात घालू नये. आणि घरची एक चाचणी करवली नाही. भ्यालो, सदा. उमोचं नाव निघालं तर स्थळ मोडेल असं वाटलं. आपल्या देशात शंभरात तीन-चार जण मायनर असतात, त्यात नेमका रोहनच कशाला असेल, असं मनाला सांगितलं. रोहन निघाला. दोघं मायनर म्हटल्यावर दर खेपेला चारात एक मेजर.

तू मला पणजीच्या बसस्टॉपवर भित्रा म्हणालास ते आठवतं? उमोसाठी तू रक्त दिलंस आणि मी बाटली न देताच परत आलो. सुई बघून पळाला असं तू अख्ख्या साखळीत सांगितलंस, तीन महिने आपण बोलत नव्हतो. अरे, रक्त घेणाऱ्यांनीच मला परत पाठवलं होतं. रक्त द्यायला हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, माझं अकराच्या वर कधी गेलंच नाही. का, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. आज चाळीस वर्षांनी ते भांडण मी जिंकलो असं धर, आणि वहिनींच्या हातची खतखतं मला लागू झाली.

यंदा माझं रक्त घेतलं. शलूचं टेस्ट-ट्यूब चाललंय. तिच्यातला दोष कुठल्या गुणसूत्राबरोबर आलाय ते ओळखायला प्रयोगशाळेला आजोबाही लागतो. सुई टोचली तेव्हा तू डोळ्यांसमोर होतास.

पाच एम्ब्रियो, म्हणजे नळीतले गर्भ, झाले. पाचव्या दिवशी बाहेरच्या थरातल्या, ज्याची पुढे वार होते तिथल्या, काही पेशी काढून तपासतात. कागद आला: दोन मेजर, दोन मायनर, एक दोन्हींतून सुटलेला. मुलगा की मुलगी ते लिहिलेलं नाही, कायद्याने सांगताच येत नाही. दोन मेजर वाचलं आणि मी कागद उलटा ठेवला.

१९८६ ची ती संध्याकाळ आठवते? मुंबईच्या केईएममध्ये डॉक्टर इंदिरा हिंदुजांनी टेस्ट-ट्यूब बेबी जन्माला घातली, तू पेपर घेऊन आलास आणि भाजीपाव थंड होईपर्यंत आपण वाद घातला. तू म्हणालास ही देवाच्या कामात ढवळाढवळ, मी म्हणालो विज्ञान. उमो मध्येच म्हणाला, “म्हणजे माझ्यासारखा त्यांना नळीतच ओळखू येईल?” आपण दोघे गप्प. तो १९८९ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एम्ब्रियोची पेशी तपासून पहिली बाळं जन्माला आली.

मेजर नको, हे मला पटतं. दर तीन आठवड्यांनी पणजीची बस, फुगलेलं पोट, रात्रभर पोटात खुपसलेली ती लोह काढायची सुई. हे मी कुठल्याही पोराला ठरवून देणार नाही. उमोवर माया होती म्हणूनच देणार नाही. तरी तो विंगेत बसून सगळ्यांची भाषणं पाठ म्हणायचा, आणि एकदा त्याला खोकला आला तर तो संवादच समजून तूही स्टेजवर खोकलास, ते आठवून परवा मी एकटाच हसलो आणि मग बराच वेळ बसून राहिलो.

अडलंय ते मायनरवर. जो एक सुटलेला आहे त्याची वाढ चांगली नाही. डॉक्टर म्हणतात, मायनरातला एक घ्या, रुजायची शक्यता जास्त, मूल निरोगीच असेल. शलू ऐकत नाही. म्हणते, “बाबा, मला स्वच्छच हवा.” मायनर दहा वर्षं गोठवून ठेवता येतात, ते ठेवायलाही तयार नाही. तो स्वच्छ शब्द मला लागलाय. कायदा रोगासाठी तपासा म्हणतो. मी रोग आहे का? ती स्वतः आहे का? तिशी उलटलेली, साखळीच्या उन्हात बॅडमिंटन खेळून वाढलेली पोर. त्या दोन एम्ब्रियोंत जे आहे तेच तिच्यात आहे, माझ्यात आहे, आमच्या आईत होतं.

मी हे बोललो तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. एकदा म्हणालीच: “माझ्या मुलीने पुन्हा कुणाचं रक्त तपासत फिरायचं, आणि कुणी सांगायचं विसरलं तर?” विसरलं म्हणाली. मी विसरलो नव्हतो हे तिला अजून सांगितलेलं नाही.

हे आधी सांगायला हवं, तेवढं मला कळतं. पण ते सांगितल्यावर मायनरची बाजू मांडायचा मला काही हक्क उरतो का? की जे तेव्हा तोंड उघडलं नाही ते आताही मिटून ठेवायचं? सुनंदा म्हणते, पोरीचा निर्णय आहे, तू पडू नकोस. बरोबर आहे. पण तिने घाबरून ठरवू नये, एवढं तरी मी म्हणावं का? तू उमोला खांद्यावर घेऊन वाळवंटी नदीच्या पाण्यात उतरायचास. म्हणून तुलाच विचारतोय.

गुडघ्याचं काय झालं? चिन्मय कॅनडाला पोचला हे वाचून बरं वाटलं. वहिनींना नमस्कार.

चवथीआधी ठरवायचं आहे. फोन करू नकोस, घरात सगळ्यांना ऐकू जातं. पत्र लिही, आणि शाळेच्या पत्त्यावर टाक.

तुझा,
दत्ता