शेवटचं ड्रॉइंग कधी आलं होतं?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अकरा वर्षं जुनं गिऱ्हाईक तीन ओळींच्या मेलवर गेलं आणि त्यातली एक ओळ 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत' अशी होती, हे वाचून आधी हसू आलं, मग ओशाळल्यासारखं झालं. कारण असले मेल मीही पाठवलेत. तू माल विकतोस, मी परचेसमध्ये बसून विकत घेतो, आणि इतक्या वर्षांत आपण या विषयावर कधी धड बोललेलोच नाही.

'नेमकं काय चुकलं?' असं तू विचारतोस. मेल आला त्या दिवशी काहीच चुकलेलं नसणार. मागच्या दोन-तीन वर्षांच्या ऑर्डरी काढून बस. एकूण रक्कम बघू नकोस, ती फसवते. त्यांच्याकडून शेवटचं नवीन ड्रॉइंग, म्हणजे नवा भाग बनवायचा नकाशा, कधी आलं ते शोध. आम्हाला कुणाला सोडायचं असलं की आम्ही चालू माल निमूटपणे घेत राहतो, फक्त नवा आयटम दुसऱ्याला देतो. जुना आयटम वय झालं की आपोआप बंद पडतो. भांडण नाही, तक्रार नाही. शेवटी मेल टाइप करणाऱ्यालाही आपण काही तोडतोय असं वाटत नाही.

सुरुवातही अशीच नकळत होते म्हणा. दहा कोटेशनं मागवून, तक्ता मांडून सप्लायर निवडला असं आम्ही ऑडिटला दाखवतो. प्रत्यक्षात आधीचा कुणीतरी ऐन वेळी दगा देतो आणि कुणीतरी म्हणतं, 'अमक्याला विचारून बघा'. मग छोटा ट्रायल लॉट. बरेच संबंध तिथेच संपतात. पुढे जातात ते एकमेकांची तोंडं पाहिलेल्या माणसांमुळे. जपानमध्ये 2004 साली क्यूशू बेटावर शिंकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, नवा टप्पा सुरू झाला. अभ्यासकांनी नंतर तपासलं तेव्हा नव्या स्थानकांजवळच्या कंपन्यांचा धंदा सुधारलेला आणि त्यांनी नवे सप्लायर जोडलेले दिसले. गंमत अशी की त्या गाडीतून माल जात नाही, माणसं जातात. सकाळी जाऊन, कारखाना बघून, संध्याकाळी परत येता आलं, एवढंच झालं होतं.

माझं स्वतःचं उदाहरण सांगतो. एका नव्या सप्लायरचा तिसरा लॉट होता. त्यांच्या शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरचा फोन आला, 'साहेब, ड्रॉइंगवर भोक 8 मिमीचं आहे आणि त्यातून जाणारा बोल्टही 8 चाच. 9 करू का?' भोक बोल्टापेक्षा जरा मोठं लागतं, तेव्हा चूक शंभर टक्के आमची होती. त्यांनी मुकाट्याने 8 चं भोक पाडून बिल लावलं असतं तर मला पैसे द्यावेच लागले असते. मी ड्रॉइंग दुरुस्त करून पाठवलं आणि त्या दिवसापासून नवीन काही आलं की पहिला फोन त्यांना जाऊ लागला. करारात हे कुठे लिहिणार? स्टुअर्ट मॅकॉले या कायद्याच्या प्राध्यापकाने 1963 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या कंपन्यांना विचारून हेच मांडलं होतं, की वाद झाला तरी लोक करार काढत नाहीत, फोन उचलतात. करार बाहेर काढला म्हणजे पुढचा व्यवहार बहुतेक संपलाच.

असं नातं मुरलं की काय होतं, याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण टोयोटाचं आहे. 1 फेब्रुवारी 1997 ला पहाटे आयसिन या त्यांच्या सप्लायरचा कारिया इथला कारखाना जळाला. तिथे ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह बनायचा आणि टोयोटाला लागणारे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह त्या एकाच ठिकाणाहून यायचे. साठा जेमतेम, त्यामुळे टोयोटाच्या लाइनी बंद पडल्या. मग दोनशेच्या वर कंपन्या कामाला लागल्या, त्यात शिलाई मशीनवाली ब्रदरसुद्धा होती. आधी दर ठरवा, मग माल देतो, असा हट्ट कुणी धरला नाही. आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. पण एवढी मोठी मदत लागली ती का? एकाच दारावर सगळा भार टाकला होता म्हणून. जवळीक कामी आली हे खरं, पण खड्डाही तिनेच खणला होता. लोक ही गोष्ट सांगताना हा भाग गाळतात.

तुझी गत खड्ड्यातल्या बाजूची आहे, रागावू नकोस. निम्मा धंदा एका गिऱ्हाइकावर आहे हे तू मला अभिमानाने सांगायचास. इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज ही ब्रिटिश कंपनी आयफोनच्या ग्राफिक्स चिपचं डिझाइन पुरवायची आणि तिचंही निम्म्याच्या आसपास उत्पन्न ॲपलकडून यायचं. एप्रिल 2017 मध्ये तिने जाहीर केलं की ॲपल आता आपलं डिझाइन वापरणं थांबवणार आहे. शेअर एका दिवसात 60 टक्क्यांहून जास्त आपटला आणि वर्ष सरायच्या आत कंपनी विकली गेली. तुझी दुसरी दोन गिऱ्हाइकं तरी आहेत.

तू वकिलाकडे जायचं म्हणतोस. थकलेल्या बिलांसाठी जरूर जा. रागापोटी जाऊ नकोस. ॲपल आणि सॅमसंग 2011 पासून कोर्टात एकमेकांना ओढत होते आणि त्याच काळात आयफोनमधली मुख्य चिप सॅमसंगच बनवून देत होती. पण त्यांना एकमेकांवाचून चालत नव्हतं. तुझ्यावाचून त्यांचं अडतं का, ते आधी बघ.

आता कबुली देतो. तो भोकवाला सुपरवायझर पुढे निवृत्त झाला. माझी बदली दुसऱ्या विभागात झाली. त्याच्या जागी आलेला मुलगा हुशार होता, पण ड्रॉइंगमध्ये असेल तेवढंच करायचा. माझ्या जागी आलेलाही दर बघायचा, फोन करायचा नाही. दोघांची काही चूक नव्हती. तीन वर्षांनी मी परत त्या खुर्चीत आलो तेव्हा एकच आयटम उरला होता आणि तो बंद करायचा मेल माझ्याच सहीने गेला. तीन ओळींचा. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, 'तुमची दोन फिक्स्चर आमच्याकडे आहेत, कुठे पाठवू?' फिक्स्चर म्हणजे काम करताना भाग पकडून ठेवायची आमची साधनं. ती आली, तेल लावून, नीट गुंडाळून. अजून माझ्या कपाटामागे तशीच आहेत.

तुझ्याकडे त्यांची काय काय फिक्स्चर, मापं तपासायची गेज, साचे म्हणजे डाय राहिल्यात? यादी करून ठेव. गंजू देऊ नकोस, पण आपण होऊन पाठवूही नकोस. मागायला तरी त्यांच्यापैकी कुणीतरी फोन करेलच. तो तू स्वतः घे, ऑफिसातल्या मुलाला देऊ नकोस.

तुझा,
परचेसवाला