एक मिनिट बाळाचा श्वास मोजा: गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

सादर नमस्कार.

सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर मी एकतीस वर्षे अंगणवाडी चालवली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मानधन, पेन्शन यांसाठी हे पत्र नाही, त्यासाठी आमची संघटना भांडते आहे. माझे मागणे एकच आहे. खोकला-तापाच्या बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायला त्याचा श्वास मोजायचे काम आणि गरज पडली तर द्यायचा औषधाचा पहिला डोस, हे गोव्यातल्या प्रत्येक वाड्यावर कोणाच्या तरी हातात रीतसर द्या. माझ्या सगळ्या नोकरीत ते माझ्या हातात कधी आले नाही, आणि त्यामुळे एक बाळ जाता जाता राहिले.

२००६चा श्रावण होता. बाहेर पावसाची झड लागलेली. वाड्यावरची एक सून आठ महिन्यांच्या मुलीला पदराखाली घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आली. तीन दिवस खोकला आणि अंगात ताप. सकाळी दवाखान्यात दाखवून आणले होते. तिथे घसा बघितला, झबल्यावरूनच नळी लावली आणि खोकल्याचे औषध लिहून दिले. सासूने दिष्टही काढली होती. मुलगी रडत नव्हती आणि मला तेच बरे वाटले. झबले वर केले तर दर श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. हे सगळे मी या डोळ्यांनी पाहिले, पण त्याचा अर्थ मला कोणी शिकवला नव्हता. दर महिन्याला तिचे वजन करणारी बाई मी. मी म्हटले, आज झोपू दे, सकाळी परत दाखवू.

रात्री दोनला दार वाजले. तेव्हा १०८ नव्हती. दूधवाल्याचा पिकअप उठवला आणि होंडा, उसगाव, फोंडा करत बांबोळी गाठली. मुलीचे ओठ निळे पडले होते. अकरा दिवस ती तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजात, गोमेकॉत होती. वाचली. आता कॉलेजात जाते, वाटेत भेटली की हात करते. त्या रात्री वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला विचारले होते, की गावात तिचा श्वास कोणी मोजला होता का. श्वासही मोजतात, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळले. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची जुनी सेविका होते.

त्यानंतर मिळेल ते वाचत गेले, आणि कळले की ही विद्या आपल्या भाषेच्या मुलखात आधीच उभी होती. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत केलेले काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९० साली छापून आले. ५८ गावांत त्यांनी लोकांना न्यूमोनियाची ओळख करून दिली. गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना श्वास मोजायला आणि को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायला शिकवले. तुलनेसाठी ४४ गावे होती, जिथे नेहमीचीच व्यवस्था चालू राहिली. वर्षभराने पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू काम झालेल्या गावांत ८.१ आणि दुसरीकडे १७.५ होते. गावातच उपचार झालेल्या ६१२ मुलांमध्ये मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाहून कमी, ०.८ टक्के होते. हे करणाऱ्यांमध्ये निरक्षर बायका होत्या.

त्यातल्या कितीतरी दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हते. म्हणून बंगांनी एक साधे यंत्र केले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया समजायचा. मला हे वाचून रडू आले होते. एका अडाणी म्हाताऱ्या दाईच्या हाताला जे जमले, ते दहावी पास झालेल्या मला माहीतच नव्हते.

श्वास मोजण्यामागचे कारण साधे आहे. फुप्फुसात पू आणि पाणी साचले की ते ताठर होते, पुरेसे फुलत नाही. मग बाळ छोटे छोटे श्वास भराभर घेऊन हवा भागवते. ताठरपणा वाढला की छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा जोर लावतो आणि छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. तोच मी पाहिलेला खळगा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास झाले, तर धोका आहे. ही मोजणी पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन या बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासातून पुढे आली आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती जगभर नेली.

मोजायचे कसे, ते आता मी डोळे मिटून सांगू शकते. बाळ आईच्या मांडीवर शांत हवे. रडत असेल, दूध ओढत असेल, तर थांबायचे. झबले वर करायचे, पोटाकडे बघायचे, पोट वर आले की एक. पूर्ण मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाही, कारण तान्ह्याचा श्वास मध्येच थबकतो आणि मध्येच धावतो. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजायचे. यासाठी लागते काय? सेकंदकाटा असलेले घड्याळ. माझ्या अंगणवाडीतल्या भिंतीवरच्या घड्याळाला तो नव्हता.

साहेब, आता गोव्याचे बोलते. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि देशभर आशाताई उभ्या राहिल्या. गोव्याने ती योजना तेव्हा घेतली नाही. राज्य लहान, दवाखाने जवळ, त्यामुळे तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण पुढे गडचिरोलीत घडले ते राष्ट्रीय धोरणात आले ते आशाताईंच्या खांद्यावरून. नवजात बाळाला घरी जाऊन तपासायचे काम त्यांच्याकडे गेले. केंद्राने २०१९मध्ये न्यूमोनियासाठी ‘सांस’ मोहीम काढली, त्यात अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन बाळाला पुढे पाठवायचे कामही आशाकडे आले. जिथे आशाच नाही तिथे तो डोस कोणी द्यायचा? एएनएमताईंकडे, म्हणजे आरोग्य खात्याच्या परिचारिकांकडे, एवढा मोठा भाग असतो, की लसीकरणाच्या दिवसाशिवाय त्या वाड्यावर दिसणे कठीण. अंगणवाडी सेविका रोज तिथेच असते, पण ती महिला व बालविकास खात्याची. दोन खात्यांच्या मध्ये पडलेले हे बाळ आहे, आणि फाइल उचलायची ती आपणच उचलू शकता.

कोणी म्हणेल, गोवा म्हणजे गडचिरोली नव्हे. मान्य आहे. आपल्याकडचा बालमृत्युदर देशात सर्वांत कमी असलेल्या राज्यांतला आहे, २०२१पासून न्यूमोनियाच्या एका जंतूवरची न्यूमोकोकल लस देशभर मोफत मिळते, १०८ आहे. पण लस सगळ्या जंतूंवर चालत नाही, कितीतरी न्यूमोनिया विषाणूंचे असतात. सत्तरीत, धारबांदोड्यात, सांगे-काणकोणच्या डोंगरात पावसाळ्याच्या रात्री दवाखाना नकाशावर दिसतो तितका जवळ नसतो. न्हाणीत ओल्या लाकडाचा धूर कोंडलेला असतो आणि तान्हे तिथेच आजीच्या पायांवर आंघोळ घेते. खनिजाच्या वाटेवरच्या घरांतली लाल धूळ मी माझ्या पोरांच्या नाकांतून पुसली आहे. आणि पत्र्याच्या खोल्यांत राहणारी बांधकामावरची कुटुंबे? त्यांची बाळे कोणाच्या यादीत असतात, हे आपणच एकदा विचारून बघा.

शिवाय श्वास मोजल्याने उलटेही कळते. सर्दी-खोकला आहे, पण श्वास त्या वयाच्या आकड्याच्या आत आणि बाळ खेळते आहे, तर अँटिबायोटिक लागत नाही. अंगावरचे दूध, ऊब आणि लक्ष पुरते. आज दर खोकल्याला बाटली लिहून घेणाऱ्या आया मी रोज बघते. त्यांना ‘नको’ म्हणायलाही हातात आकडा लागतो.

आणखी एक गोष्ट मला अलीकडे कळली आणि झोप उडाली. ब्रिटनमध्ये १९४६च्या मार्चमध्ये जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर माग ठेवला गेला. जेम्स ॲलिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यातून दाखवले, की ज्यांना दोन वर्षांच्या आत न्यूमोनिया किंवा ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनळ्यांची सूज, असा आजार झाला होता, त्यांचा २६ ते ७३ या वयात श्वसनविकाराने मृत्यू होण्याची शक्यता इतरांपेक्षा ९३ टक्के जास्त निघाली. गरिबी, दाटीवाटी, जन्मवजन, पुढची विडी-सिगारेट हे सगळे हिशेबात धरूनही. तो लहानपणच्या आजाराचाच परिणाम, असे त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण दोन वर्षांच्या आत फुप्फुस अजून वाढत असते, हे तर खरे. म्हणून बाळ वाचले म्हणजे आपले काम संपले, असे मला आता वाटत नाही. माझ्या त्या मुलीला जिना चढताना धाप लागते का, हे विचारायचे धाडस मला अजून झालेले नाही.

दर सेविकेला मिनिटाचे टायमर द्या. दोन दिवसांचे प्रशिक्षण वहीवर नको, खऱ्या बाळांवर द्या, कारण खळगा चित्रात कळत नाही. पहिला डोस कोणी द्यायचा, सेविकेने की एएनएमने, हे दोन्ही खात्यांनी बसून लेखी ठरवावे. त्या डोसानंतर बाळ डॉक्टरकडे गेलेच पाहिजे, हेही त्यात लिहावे. आणि कृपा करून यासाठी नवीन रजिस्टर काढू नका. मोबाइलवरच्या नोंदींतच सेविकेची सकाळ जाते. नवे काम देताना जुन्यातले एखादे काढून घ्या, नाहीतर आकडा भरला जाईल आणि झबले वर केले जाणार नाही.

वाळपईत किंवा साखळीत असे पहिले प्रशिक्षण ठेवलेत, तर मी येईन. मानधन नको. घड्याळ माझ्याकडे आहे, सेकंदकाट्याचे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
सत्तरी, गोवा