चुलतभाऊ नाही, मामेभाऊ

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला, सतराव्या शतकातला इंग्लंडच्या पार्लमेंटचा सभासद जॉन हॅम्पडेन याच्यावरचा लेख रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळी चहाच्या आधीच लिहायला बसलोय. पहिली गोष्ट, पुढे इंग्लंडचा सत्ताधीश झालेला ऑलिव्हर क्रॉमवेल हा हॅम्पडेनचा चुलतभाऊ नव्हता हो! इंग्रजीत कझिन दिसलं की चुलतभाऊ लिहून मोकळं व्हायचं, ही काय पद्धत? हॅम्पडेनची आई एलिझाबेथ म्हणजे हिंचिंगब्रुकच्या सर हेन्री क्रॉमवेलची मुलगी आणि ऑलिव्हरचे वडील रॉबर्ट तिचे भाऊ, म्हणजे ऑलिव्हर मामेभाऊ झाला. चुलतभाऊ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं दोघं एकाच घराण्यातले, आणि हॅम्पडेन तर बकिंगहॅमशायरचं वेगळं जुनं घराणं. कवी एडमंड वॉलर हा त्याचा आतेभाऊ, त्याचं तर लेखात नावच नाही. १६४३ साली राजा आणि पार्लमेंटमधल्या यादवी युद्धात हॅम्पडेन पार्लमेंटच्या बाजूने लढत होता आणि हा वॉलर लंडनमध्ये राजासाठी कट करताना पकडला गेला. एकाच गोतावळ्यात एवढी फाटाफूट, हे सांगायचं सोडून लेखात निम्मी जागा वाड्याच्या वर्णनाला.

पण खरा राग आला तो 'अवघ्या वीस शिलिंगांसाठी कोर्टात गेलेला हट्टी जमीनदार' या वाक्याचा. जहाजपट्टी ही युद्धाच्या वेळी किनाऱ्यावरच्या गावांनी द्यायची, ती चार्ल्स राजाने १६३५ मध्ये पार्लमेंटला न विचारता आतल्या परगण्यांवरही लावली, जिथे समुद्राचं नखही दिसत नाही. स्टोक मँडेव्हिल गावच्या जमिनीवरचे वीस शिलिंग भरायला हॅम्पडेनने नकार दिला, ते त्याला जड नव्हतेच, प्रश्न मागायचा अधिकार कुणाचा हा होता. बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले, पाच याच्या. तो हरला, पण १६४१ मध्ये पार्लमेंटने ती पट्टीच बेकायदा ठरवली. याला हट्ट म्हणायचं?

मी सातवीत होतो तेव्हा आमच्या शाळेने निकालाच्या दिवशी इमारत निधीचे अकरा रुपये मागितले, पावती नाही, द्या आणि प्रगतिपुस्तक घ्या. वडील एसटीत क्लार्क होते. त्यांनी दहाची आणि एकची नोट हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली, वर पंजा ठेवला आणि म्हणाले, "पावती द्या, पैसे उचला." मी दाराशी उभा, मागे सगळी रांग बघतेय, लाजेने मेल्यासारखं झालेलं. पावती मिळाली नाही, नोटा परत खिशात गेल्या आणि माझं प्रगतिपुस्तक पंधरा दिवस अडकून राहिलं. घरी आई म्हणाली, अकरा रुपयांनी काय आपण बुडणार होतो का? वडील त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी हॅम्पडेनची केस सांगितली तेव्हा मला त्या टेबलावरचा पंजा आठवला, मी घरी येऊन वडिलांना ती सगळी सांगितली, तर त्यांनी एवढंच विचारलं, "मग पुढे त्याचं काय झालं?" मी सांगितलं, चालग्रोव्हच्या चकमकीत जखमी झाला आणि सहा दिवसांनी, २४ जून १६४३ ला थेम गावात वारला. वडील बराच वेळ गप्प बसले. म्हणून 'अवघ्या' हा शब्द मला झोंबला.

आणि नात्यांचा विषय निघालाच आहे तर, गेल्या महिन्यात माझ्या मामांच्या निधनाच्या बातमीत मला तुम्ही पुतण्या छापलंत, मजकुरात भाचा असं स्वच्छ लिहून दिलेलं असताना. फोन केला तर बघतो म्हणाले, अजून काही छापून आलेलं नाही. हॅम्पडेनची दुरुस्ती येत्या रविवारी पुरवणीतच, लेख होता त्याच पानावर यावी, आणि मामांचीही छापा.

तुमचा जुना वाचक,
सातारा